सोलापुरात आलेल्या चादरी

माझ्या नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. सहा विणकरांचे हे एक मात्र स्वच्छ आठवते. त्यातल्या माणसांची मुले-नातवंडे सोलापुरातच नांदत आहेत, म्हणून नावे कुणाचीच लिहीत नाही.

बँका सरकारच्या ताब्यात येऊन काही वर्षे झाली होती. मी शहरातल्या विणकर वस्तीच्या ठाण्यात फौजदार होतो. पूर्वी घर किंवा शेत गहाण टाकल्याशिवाय बँकेत कुणी उभे करत नसे. आता नियम सैल झाले होते. विणकराला यंत्रमागासाठी कर्ज मिळू लागले होते आणि तारण म्हणून तो मागच पुरत होता.

एके दिवशी सकाळची हजेरी संपत असताना टपालातून निनावी पत्र आले. ‘अमुक बँकेच्या मॅनेजरने सहा विणकरांना खोटी कर्जे दिली आणि पैसे वाटून खाल्ले. माग फक्त कागदावर आहेत.’ असेच पत्र बँकेच्या वरच्या कार्यालयातही गेले होते. त्यांचा तपासनीस सहाही घरे पाहून गेला. माग कुठेच नव्हते, दोन हप्तेही थकले होते. बँकेने मॅनेजरला निलंबित केले आणि आमच्याकडे फिर्याद दिली.

पंचांना घेऊन मी त्या घरांत गेलो. खोल्या रिकाम्या होत्या, पण फरशीत बोल्टची भोके होती आणि तेलाचे डाग अजून दिसत होते. म्हणजे माग आले होते आणि नंतर गेले होते.

मॅनेजर तिशीचा, एका शाळामास्तरांचा मुलगा. त्याला ठाण्यात बोलावले.

“ना जमीन, ना घर. कशाच्या भरवशावर पैसे दिलेत?” मी विचारले.

“साहेब, प्रत्येकाच्या घरी दोन-दोनदा जाऊन बसलो. शेजाऱ्यांना विचारलं, किराणा दुकानदाराला विचारलं. वीस-वीस वर्षं दुसऱ्याच्या मागावर राबलेली माणसं आहेत. बुडवणार नाहीत.” मग त्याचा आवाज उतरला. “निदान मला तसं वाटलं होतं.”

वरिष्ठ रोज विचारत होते, “अटक कधी करताय?” मी चार दिवस मागून घेतले.

सहाही कर्जदारांना बोलावले. पाच पुरुष आणि एक पन्नाशीची विधवा. घरची भाषा तेलुगू, म्हणून तेलुगू बोलणारा हवालदार जवळ बसवला. प्रत्येकाचे उत्तर एकच होते, “माग दुरुस्तीला दिलाय.” कुठे दिला, ते कुणालाच सांगता येईना. पण त्यांच्या भुवयांत आणि कानांच्या पाळ्यांवर कापसाचे पांढरे तंतू अडकलेले होते. माग दुरुस्तीला दिलेल्या माणसाच्या अंगावर आजचे तंतू येतील कुठून?

मी आवाज चढवला, तेव्हा ती बाई मराठीतच म्हणाली, “मारा न्हाईतर आत टाका. पर माग कुटं हाय ते सांगनार न्हाई.”

ते ऐकून मला उलट बरे वाटले. विकून टाकलेली वस्तू कुणी एवढी जपत नाही.

जड यंत्रे शहराबाहेर गेली असतील तर कुणीतरी पाहिली असतील, म्हणून मी जकात नाक्यांवर चौकशी केली. अक्कलकोट रस्त्याच्या नाक्यावरचा कारकून म्हणाला, “भायेर काय गेलं ते ठाऊक न्हाई, साहेब. पण एक गंमत सांगू का? महिनाभर हितनं चादरी आत यायल्यात, जकात भरून! सोलापुरात चादर येती, हे मी पैल्यांदाच बघतोय की.” पावत्यांवर गावाचे नाव होते वळसंग.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅनेजरला जीपमध्ये घेतले आणि वळसंग गाठले. गावाबाहेर एक बंद पडलेली तेलगिरणी होती. जीप थांबायच्या आधीच मागांचा खडखडाट कानांवर आला. आत सहा माग चालू होते आणि तीच सहा माणसे त्यांवर काम करत होती. मॅनेजरने खिशातून यादी काढली आणि प्रत्येक मागावरची धूळ बोटाने पुसून नंबर ताडून पाहिला. सहावा नंबर जुळला तसा तो सुताच्या गाठोड्यावर बसला आणि यादीनेच तोंड झाकून रडू लागला.

माग थांबवून त्या बाईने सगळे सांगितले. ही माणसे पूर्वी एका सूत व्यापाऱ्याकडे बांधलेली होती. त्याचे जुने देणे फिटले होते, पण कोऱ्या मुद्रांकांवर घेतलेले यांचे अंगठे त्याने परत दिले नव्हते. बँकेमुळे ही माणसे सुटली, तेव्हा त्या कागदांवर खोटे कर्ज लिहून माग उचलून नेण्याची धमकी त्याने दिली. म्हणून त्यांनी ते इथे भाड्याच्या जागेत आणले होते. त्याच खर्चात हप्ते राहिले होते.

“मग पोलिसांकडे का नाही आलात?” मी विचारले.

“त्यो शेठ तुमच्या म्होरं खुर्चीवर बसून च्या पितो. आमी बगितलंय की.”

ते खरे होते. चहा मीच मागवत असे.

“मला तरी सांगायचं होतं, मावशी,” मॅनेजर म्हणाला.

“इचारल्याबिगर माग हलवायचा न्हाई, असं कागदात हुतं. समदे पैसे एकदम मागशीला म्हनून भ्यालो.”

मी व्यापाऱ्याच्या पेढीची झडती घेतली. कोरे मुद्रांक तिजोरीतच सापडले. निनावी पत्र मालकाच्या सांगण्यावरून आपणच लिहिले, हे त्याच्या मुनिमाने कबूल केले. व्यापाऱ्यावर गुन्हा नोंदवला आणि बँकेच्या फिर्यादीत फसवणूक झालेलीच नाही असा अहवाल कोर्टात पाठवला. मॅनेजर कामावर रुजू झाला. बँकेने माग हलवायला रीतसर परवानगी दिली आणि पुढे सहाही जणांनी कर्ज फेडले. त्या दिवशी वळसंगहून परतताना जीपमध्ये मॅनेजर झोपून गेला. तो तीन आठवडे नीट झोपला नव्हता. होटगी रस्त्यावरच्या त्याच्या घरापाशी त्याला उठवले, तेव्हा दारात उभी असलेली त्याची बायको आम्हाला पाहून दचकली. “सगळं सापडलं,” एवढेच मी म्हणालो.

संशय घेणे हे माझे काम होते आणि मी त्यात तरबेज होतो. पण माझी आणि माणसांची गाठ पडे ती काहीतरी बिघडल्यावरच. तो मॅनेजर काही बिघडण्याच्या आधीच त्या विणकरांच्या घरी गेला होता. विश्वास टाकायलाही तपास करावा लागतो, आणि तो संशयाच्या तपासापेक्षा अवघड असतो. त्याने तो चोख केला होता. मी फक्त चार दिवस त्याच्या मागोमाग फिरलो.