सहा खेपांची माती

पाचवीच्या बाईंना शाळेत सगळे ‘घनफळाच्या बाई’ म्हणत. बावीस वर्षं त्या एकच वर्ग शिकवत होत्या आणि घनफळाचा धडा आला की त्यांना वेगळंच स्फुरण चढायचं. लाकडी ठोकळ्यांची पिशवी टेबलावर उपडी करायच्या आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात मुलांकडून ठोकळे रचून घ्यायच्या. “लांबी गुणिले रुंदी म्हणजे तळाचा एक थर. तिथेच थांबलात तर खोकं रिकामंच राहिलं की! असे थर किती, ते उंची सांगते.” दुसरा नियम फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात वर्षभर लिहिलेला असे : आधी एकक, मग गुणाकार.

शिकवणं चोख, पण जीभ तिखट. एका मुलीने खडूच्या डबीची लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये घेतली आणि उंची मिलिमीटरमध्ये. बाईंनी तिला उत्तर मोठ्यानं वाचायला लावलं. “एवढी मोठी डबी? यात तुझं आख्खं दप्तर मावेल गं!” वर्ग खो खो हसला. मुलगी खाली बसली आणि तासभर वहीत तोंड खुपसून राहिली. बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. हसं झालं की लक्षात राहतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना मधल्या सुट्टीत बोलावलं. मैदानाच्या कडेला फुलझाडांसाठी विटांचा वाफा बांधून तयार होता. “माती किती लागेल तेवढं काढून द्या. तुमच्याशिवाय कोणाला सांगू?”

बाई फुलून गेल्या. टेप घेऊन स्वतः मोजमाप केलं : लांबी सहा मीटर, रुंदी दोन मीटर, खोली तीस सेंटीमीटर. घंटा व्हायला आली होती. तीस सेंटीमीटरचे मीटर त्यांनी मनातल्या मनात केले, उभ्या उभ्या चिठ्ठी लिहिली आणि फाटकाशी थांबलेल्या मातीवाल्याच्या हातात दिली.

मातीवाला साठीचा, मोजकं बोलणारा माणूस. त्याने चिठ्ठी वाचली, वाफ्याकडे पाहिलं, परत चिठ्ठी वाचली. “बाई, एका खेपेत माझ्या ट्रकमध्ये सहा घनमीटर माती बसते. म्हणजे सहा खेपा. नक्की ना?”

“गणित माझं आहे, दादा,” बाई हसत म्हणाल्या आणि वर्गावर गेल्या.

दुसऱ्या दिवशी तिसरी खेप रिकामी झाली तेव्हा अर्धं मैदान मातीखाली गेलं होतं. मुलं ढिगांवरून घसरगुंडी खेळत होती, कवायतीचे सर शिट्टी फुंकून फुंकून दमले होते. मोठ्या बाई धावत बाहेर आल्या. “अहो, फुलझाडं लावायचीत की विहीर बुजवायचीय?”

व्हरांड्यात उभ्या असलेल्या बाईंच्या डोक्यात त्याच क्षणी लख्ख प्रकाश पडला. तीस सेंटीमीटर म्हणजे शून्य पूर्णांक तीन मीटर. त्यांनी सरळ तीन धरले होते. तीन मीटर खोल वाफा! लागणार होती तीन पूर्णांक सहा घनमीटर, त्यांनी लिहिली होती छत्तीस. सगळे शिक्षक गोळा झाले होते, खिडक्या-खिडक्यांतून मुलांची डोकी बाहेर आली होती, आणि त्यांत पाचवीचा वर्ग अगदी पुढे होता.

“बाई, तुम्ही किती लिहिलं होतं?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“तीन पूर्णांक सहा,” त्यांच्या तोंडून निघून गेलं. “मधलं टिंब... यांना दिसलं नसेल.”

सगळ्यांच्या नजरा मातीवाल्याकडे वळल्या. त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्याने बाईंकडे एकदा पाहिलं. “असेल,” तो म्हणाला. “नजर कमी झालीय आताशा. नेतो परत.”

“निदान वाफा तरी बघायचा होता! पुढच्या वेळी दुसरा कोणीतरी बघू आम्ही,” मोठ्या बाई तोडून म्हणाल्या. त्याने मान हलवली आणि फावडं उचललं.

घरी बाई अर्ध्या जेवणावरून उठल्या. नवऱ्याने विचारलं तर म्हणाल्या, डोकं दुखतंय. चूक झाली याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं, चुका कोणाच्या होत नाहीत? पण साठीचा माणूस आपल्या अर्ध्या वयाच्या लोकांसमोर मान खाली घालून उभा राहिला होता, आणि तीही आपण घालायला लावलेली. दोन दिवस त्या फाटकातून न जाता मागच्या दाराने शाळेत आल्या. तिकडे मैदानात मातीवाला आणखी एका माणसाला घेऊन ट्रक परत भरत होता, फावड्या-फावड्याने.

तिसऱ्या दिवशी घंटा व्हायच्या आधी त्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या आणि बसल्याच नाहीत. “टिंब नव्हतं. मी छत्तीसच लिहिलं होतं. मी खोटं बोलले.”

“मला सांगून काय उपयोग?” एवढंच मोठ्या बाई म्हणाल्या.

बाई मैदानात गेल्या. मातीवाला घाम पुसत होता. दोन्ही हात जोडून त्यांनी तेच परत सांगितलं. मोठ्यानं सांगायचं ठरवून आल्या होत्या, पण सांगितलं हळू आवाजातच.

त्याने खिशातून चौघडी केलेला कागद काढला. छत्तीस. टिंब कुठेच नव्हतं.

“तुमच्याकडे होती ही चिठ्ठी? मग तेव्हा दाखवली का नाहीत?”

“पोरं बघत होती ना, बाई,” तो म्हणाला. “तुमच्या वर्गातली.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं वाटलं.

त्या दिवशी पाचवीच्या फळ्यावर त्यांनी वाफ्याचं गणित मांडलं, आधी चुकलेलं, मग बरोबर, प्रत्येक आकड्याशेजारी एकक लिहून. “हे मी चुकवलं, आणि दोष दुसऱ्यावर ढकलला,” त्या म्हणाल्या. मागून कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळा वर्ग हसला. बाईंनी हसू दिलं. दप्तराच्या विनोदाबद्दल त्या मुलीची माफीही मागितली. मुलीने “हो” म्हटलं, पण वर पाहिलं नाही. तिने वर पाहावं अशी अपेक्षा करायचा आपल्याला काय हक्क, असं बाईंना वाटून गेलं.

मोठ्या बाईंनी मातीवाल्याला सगळ्या शिक्षकांसमोर बोलावून दिलगिरी व्यक्त केली. शाळेचं काम त्याच्याकडेच राहिलं. तो दर वेळी बाईंना आधी नमस्कार करतो. बाई उत्तर देतात, पण त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायला त्यांना अजून जमलेलं नाही.