बापू सुतारांनी जहाजाला लावलेला नांगर

समुद्र कधीच न पाहिलेल्या माणसाने आमच्या घरासाठी जहाज बांधलं होतं.

तो माणूस, बापू सुतार, आज सकाळी कडेगावात वारला.

साठच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच गावच्या शाळेत मास्तरीण झाले होते. आणि माझा थोरला भाऊ, दादा, आईला न सांगता नेव्हीत भरती झाला होता.

आईने त्याच्याशी बोलणं टाकलं.

तिचा भाऊ कृष्णेच्या पुरात गेला होता. गूळ करायच्या काहिलीत बसून नदी ओलांडताना काहील उलटली.

"ती काईल लोखंडाची. जहाजबी लोखंडाचंच. मंग?" एवढंच म्हणायची.

दादाचं पत्र वाचायला घेतलं की उठून चुलीपाशी जायची. तो सुट्टीवर आला की भाकरी वाढायची, पण तोंडातून शब्द नाही. दोन वर्षं असंच चाललं. परत जाताना दादा एसटीत रडत होता, हे मला कंडक्टरने सांगितलं.

मग एका पत्रात दादाने जहाजाचं चित्र पाठवलं. प्रत्येक भागाला बाण, बाणापुढे नाव. खाली लिहिलं होतं, 'बापूला सांग, लाकडाचं करून आईला पाण्यात दाखव. बुडत नाही हे तिला दिसू दे.'

बापू आमच्याच वयाचे. बैलगाड्या, औतं, दारं करायचे. हलकं ते तरंगणार, म्हणून त्यांनी अख्खं जहाज पांगाऱ्याच्या लाकडाचं केलं. आमच्या मागच्या हौदात सोडलं.

जहाज जरा डुललं आणि कुशीवर आडवं झालं.

आई उठली. "माझा भाऊबी असाच गेला," म्हणाली आणि आत गेली.

बापूंचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो.

तीन आठवडे ते आमच्याकडे फिरकले नाहीत. एकदा शाळेतून येताना त्यांनीच हाक मारली. "बाई, हिकडं या."

समोर पाण्याची बादली. हातात तेलाच्या घाण्यात फिरणाऱ्या जड दांड्याचा, मोडक्या लाटेचा तुकडा, चिंचेच्या गाभ्याचा. त्यांनी तो पाण्यात सोडला. सरळ तळाला गेला.

"हे बुडतंय न्हवं? हेच तळाला लावायचं."

"बुडणारं लाकूड जहाजाला?"

"वजन खाली पायजे, बाई. गाडीतबी जड पोती खालीच घालत्यात न्हवं?"

बाजू सागाच्या, तोही जुन्या चौकटीचा साग. त्याचं आकसायचं होतं ते आकसून झालंय, म्हणाले. पांगारा फक्त वर, माडीला. आणि सगळं बाभळीच्या खुंट्यांनी जोडलेलं.

"खिळा का नाही?"

"तिन्ही लाकडं येगयेगळी फुगत्यात. खिळा कुणाचं ऐकत न्हाई. खुंटी ऐकती."

मग त्यांनी चित्रातल्या एका बाणावर बोट ठेवलं. "बाई, दादानं हितं नांगर लिवलाय. जहाजाला नांगर कशाला?"

मी मास्तरीण. माहीत नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

"बेटांवर शेती करत असतील," ठोकून दिलं.

बापूंनी मान डोलावली. बाईंनी सांगितलं म्हणजे बरोबरच.

जहाज घेऊन आले तेव्हा आई बाहेर यायला तयार नव्हती. बापू उंबऱ्यापाशी उभे राहिले. "मावशी, एक डाव बघा. बुडलं तर मी सोता जाऊन दादाला घिऊन येतो."

आई आली.

हातभर लांबीचं जहाज हौदात सरळ उभं राहिलं. बापूंनी ते आडवं केलं. उठलं. मग आईने स्वतः बोटाने पाडलं. पुन्हा उठलं. किती वेळा पाडलं तिने, मोजलं नाही.

मग तिला पुढच्या टोकाला टांगलेलं काहीतरी दिसलं. बोटभर उंचीचा बाभळीचा नांगर. हाळीस, रुमणं, पत्र्याचा फाळसुद्धा.

"ह्यो नांगर?"

"जहाजाला असतुया, मावशी."

"म्हंजी तितं फुडं जमीन हाय?"

"आसंल की. त्याबिगर नांगर कशाला ठेवत्यात?"

आई हौदाच्या कडेला बसली आणि रडली. भाऊ गेल्यापासून ती अशी रडली नव्हती.

त्याच दिवशी तिने मला पत्र लिहायला बसवलं. "लिही. नांगर बघितला म्हणावं. कवा येतुस जेवायला?"

दादा आला. आई दिवसभर त्याच्याशी बोलत होती, त्याला जेवूही देईना.

आणि मग त्याने जहाज पाहिलं. पोट धरून हसला. जहाज एका जागी थांबवायला पाण्यात सोडतात तो लोखंडी आकडा, त्यालाही नांगर म्हणतात, हे त्याने सगळ्या आळीसमोर सांगितलं. सगळी आळी हसली.

बापूंनी मान खाली घातली. "चुकलं माजं. आमाला कुटलं ठावं समुद्रातलं?" नांगर काढायला हात पुढे केला.

"हात लावू नगंस," आई म्हणाली. "ऱ्हाऊ दे तसाच."

मी तिथेच उभी होते. मी काही बोलले नाही.

बापू निघाले तशी त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेले. "बापू, माझं नाव का नाही सांगितलं?"

"पोरं शिकत्यात तुमच्याकडं, बाई."

एवढंच बोलून गेले.

त्या दिवसापासून गावाने त्यांना 'नांगऱ्या' म्हटलं. पुढे नातवंडांसमोरही. ते हसून ओ द्यायचे. मी दरवेळी ऐकलं आणि दरवेळी गप्प बसले. याची मला लाज वाटते.

माझे कितीतरी विद्यार्थी इथे फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. तुम्हीही त्यांना त्या नावाने चिडवलंय.

बाळांनो, ते बापूंचं अज्ञान नव्हतं. त्यांनी विचारलं होतं. तुमच्या बाईंनी चुकीचं सांगितलं.

बापू, पोरं आता म्हातारी झाली. आज त्यांना सांगून टाकलं.

सुखाने जा. बाईंचा नमस्कार.