रिकाम्या खोलीतला पंखा

त्यांचं खरं आडनाव ऑफिसच्या पगारपत्रकाला तेवढं ठाऊक. बाकी सगळे त्यांना बंदकर म्हणत. मोठमोठ्या इमारतींत वीज कुठे वाया जाते ते शोधून काढायचं, ही त्यांची नोकरी; आणि दिसेल ते बटण बंद करायचं, हा स्वभाव. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी चहा यायच्या आत बाथरूमचा दिवा घालवून येत. मग आतून यजमान ओरडत.

‘बेस लोड’ हा त्यांचा जीव की प्राण. माणसं घरी गेल्यावरही इमारत जी वीज खात बसते, तो बेस लोड. बायको म्हणायची, “लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात मला बेस लोड कळला. सासूबाईंचं नाव त्यानंतर कळलं.”

ती बायको तीन महिन्यांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेली. आता लेक म्हणत होती, आई अजून सहा महिने राहू दे. यावर बंदकर फोनवर म्हणाले होते, “राहा की. माझं काय अडतंय? उलट वीज वाचेल.”

“बरं,” ती म्हणाली होती. त्या एका ‘बरं’वर त्यांना आठ दिवस जेवण गेलं नव्हतं.

रोज सकाळी आठला मीटरचा आकडा वहीत टिपायचा, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम. दोघं असताना दिवसाला सात युनिटं पडत. एकट्याला चार पुरे. पण वही सातवरून हलेना. बंदकरांच्या घरात गळती! ऑफिसात कळलं असतं तर लोकांनी पेढे वाटले असते.

“सातच?” बायको फोनवर म्हणाली. “म्हणजे इतकी वर्षं मी वीज उधळते म्हणून ऐकलं, ते फुकटच. आणि माझ्या माघारी राहायला कोण आलंय, ते तरी सांगा.”

“शनिवारी ऑडिट करतो,” बंदकर म्हणाले.

आणि केलं. तारेला चिमट्यासारखा पकडून वीज मोजणारा क्लॅम्प मीटर घेऊन ते घरभर फिरले. गीझरचा थर्मोस्टॅट पासष्टवर होता. त्यांना स्वतःला कोमट पाणी लागतं. कढत पाणी तिला. रोज दोन बादल्या तापत होत्या आणि एक आपोआप निवत होती. स्वयंपाकघरातला दिवा संध्याकाळी लागत होता तो झोपेपर्यंत, तिथे कुणी नसताना. आणि झोपायच्या खोलीत तिच्या बाजूचा पंखा पाचावर फिरत होता. दिवसरात्र. या पंख्यावरून तीस वर्षं भांडण. वाऱ्याने यांना शिंका येत, आणि वाऱ्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. आता शिंकत, डोक्यावरून पांघरूण घेऊन, ते त्याच वाऱ्यात झोपत होते.

अहवालात शेवटचा रकाना ‘उपाय’. गळतीच्या तीन ओळी लिहून झाल्या, पण तो रकाना त्यांनी कोराच ठेवला. नोकरीत असं कधी घडलं नव्हतं.

रविवारी फोन आला. परतीचं तिकीट पुढे ढकलायचं तर ते सोमवारच्या आत.

“सापडली का गळती?”

“सापडली. तुझ्या बाजूचा पंखा चालू आहे.”

“कधीपासून?”

“तू टॅक्सीत बसलीस तेव्हापासून.”

पलीकडे बाळ कुरकुरलं. तिने त्याला थोपटल्याचा आवाज आला.

“आणि दुसऱ्यांच्या भिंतींवर ‘वीज वाचवा’च्या पाट्या लावत फिरता,” ती म्हणाली. “मग बंद का नाही केला?”

बंदकरांनी घसा खाकरला. “बंद केला तर खोली फारच शांत होते गं. सहा महिने नको राहूस.”

“एवढं म्हणायला तुम्हाला मीटर लागला,” ती म्हणाली. “तिकीट आहे त्याच तारखेचं राहू दे, सांगते लेकीला. अजून चाळीस दिवस आहेत. शिंका फार येतायत का?”

“छे,” ते म्हणाले, आणि शिंकले.

फोन ठेवून ते खोलीत गेले. बटणावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग पंखा पाचावरून तीनवर आणला, आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं : चाळीस दिवस.