दिगंबर गुरुजींची देवदारी होडी

दिगंबर गुरुजींना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, गौरवग्रंथासाठी चार शब्द सांगा, म्हणून शाळेची माणसे माझ्याकडे आली. मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात लिहिते. चार शब्दांत भागायचे नाही, तेवढे सोसून घ्यावे. आता बसून बोलले तरी दम लागतो.

गुरुजींची ओळख झाली ती माझ्या ओसरीमुळे. ते आमच्या गावी चित्रकला शिकवायला आले आणि शेजारी भाड्याने राहिले. एक दिवस दारात येऊन म्हणाले, "आक्का, तुमची ओसरी लांब हाय. होडी बांधायची म्हणतो." रद्दीतल्या परदेशी मासिकातले चित्र त्यांनी दाखवले. शेवग्याच्या शेंगेसारखी अरुंद होडी, मधे एका माणसाला पाय पसरून बसायला भोक.

मी म्हणाले, "गुरुजी, लोक घर बांधतेत."

"नदीकाठी जन्मलो आक्का, पण गंगा बघितली ती दुसऱ्याच्याच होडीतून."

गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. दिली ओसरी.

दुकानांत कंदिलाच्या काचा देवदारी खोक्यांतून येत. ती खोकी फोडून गुरुजी बोटभर रुंदीच्या पट्ट्या काढीत, गरम पाण्याने मऊ करीत आणि साच्यांवर एकीला एक चिकटवीत. दोन वर्षे माझ्या ओसरीवर जणू मेलेल्या म्हशीच्या बरगड्या पडून होत्या. आणि एवढे शिकलेले आमचे गुरुजी, पट्ट्या चिकटवल्या कशाने, तर सुताराच्या सरसाने! पाण्यात घालताच सरस विरघळला, पट्ट्या सुट्या होऊन तरंगू लागल्या. सगळे गाव काठावर. मी विचारले, "गुरुजी, होडी केली का पापड?" ते माझ्याहून मोठ्याने हसले आणि गुडघाभर पाण्यात पट्ट्या वेचू लागले. दुसऱ्या खेपेला त्यांनी त्या तारेने शिवल्या, वरून जवसाच्या तेलात कढवलेली राळ लावली.

ती राळ बोटाला चिकटत होती तेव्हाच नामांतराची दंगल पेटली. ज्या विद्यापीठाचे दार आमच्या गावाने पाहिले नव्हते, त्याच्या नावावरून माणसे माणसांची घरे जाळू लागली. एसटी बंद, जीप बंद. नावाडी आपली नाव पलीकडे बांधून बायकापोरांसह निघून गेला. त्यातच भोपळा बांधून पोहत आलेल्या एकाने निरोप आणला. पलीकडच्या काठावर माझी लेक सुमन सासरी बाळंत झाली होती. तिचा ताप उतरत नव्हता. दवाखाना आमच्या बाजूला.

गुरुजींनी करवत घेतली आणि होडीच्या पाठीला पुढे दुसरे भोक पाडले. दोन वर्षांची मेहनत कापताना त्यांचा हात थांबला नाही. त्या भोकात मी बसले.

"आक्का, हालू नका."

"मी न्हाई हालायले, तुमची होडी हालायली!"

पोचलो. बाळालाही ताप होता. होडीत जागा एकीची. गुरुजी म्हणाले, "आधी सुमनताई. बाळाला मागून नेतो." सुमनला घेऊन ते गेले. तिला बैलगाडीत घालून परत फिरले, तोवर बाळ माझ्या मांडीवर गेले होते.

सुमन वाचली.

त्याच आठवड्यात पलीकडच्या जळालेल्या वस्तीला गुरुजींनी होडीतून पीठ पोचवले. काठावर कुणीतरी अडवले, "गुरुजी, पीठ कुणाला न्यायलात?" गुरुजी म्हणाले, "माणसालाच. जात बसवायला ह्या होडीत जागा कुठं हाय?" आणि वल्हे मारीत निघाले.

असे हे गुरुजी. पण सुमन माहेरी आली की अजूनही, निवृत्त झाले तरी, त्यांना शाळेत काम निघते. ती पाया पडायला वाकते तेव्हा ते दुसरीकडे बघतात. गुरुजी, मी त्या होडीत बसलेली बाई आहे. तापाने डोलणारी सुमन मांडीवर बाळ घेऊन बसली असती तर तुमची शेंग गंगेत उलटली असती, आणि मी दोघांना रडले असते.

समारंभाला सुमन येणार आहे. तुम्हांला निरोगी, भरपूर आयुष्य मिळो. पण ती वाकेल तेव्हा तेवढे तिच्याकडे बघा, गुरुजी. तुमच्यामुळे जगली ती. नीट बघा तरी.