उशिरा वाजणारा भोंगा

मिल बंद पडून जमाना झाला, पण चाळीतल्या म्हाताऱ्यांना भोंग्याशिवाय करमेना. शेवटी कुणाच्या तरी कॅसेटवरचा आवाज चाळीच्या वाचनालयातल्या लिनक्स कॉम्प्युटरात भरला आणि छपरावर कर्णा बसवला. पहिली पाळी सुटायच्या वेळेला, दुपारी, भोंगा आपोआप वाजू लागला. सकाळी ते मशीन चालू करायचं आणि संध्याकाळी बंद करायचं काम झाडलोटीबरोबर सोजरबाईच्या गळ्यात पडलं.

सोजरबाई मूळची माढ्याकडची. लग्न होऊन चाळीत आली तेव्हापासून तिचा दिवस भोंग्यावर चालला. भोंगा झाला की तवा तापत ठेवायचा. भाकरी फुगेपर्यंत नवरा, भीमा, दारात हजर, केसांत कापूस अडकलेला. भीमाला जाऊनही आता वर्षं झाली. तरी कर्णा वाजला की ती तवा ठेवायची आणि एक भाकरी जास्त थापायची. शेजारी म्हणायचे, म्हातारीची सवय. सवय कसली डोंबलाची, वाट बघायची ती.

एक दिवस शेजारच्या भारतरावांची कुर्डुवाडीची गाडी चुकली आणि सगळं उघड झालं. भोंगा रोज थोडा थोडा मागे पडत होता. नातवंडांच्या मोबाइलवर खरी वेळ दिसत होती, पण म्हाताऱ्यांचा विश्वास भोंग्यावर. भिंतीवरची घड्याळं ते त्याच्यावरच लावायचे. त्यामुळे सगळे मिळून उशिरा, आणि सगळ्यांचं एकमेकांशी अगदी बरोबर.

सात रस्त्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून अंकिता आली. तिनं मशीन पुन्हापुन्हा बंद-चालू केलं, सुरुवातीला पडद्यावर पळणाऱ्या ओळी वाचल्या आणि हसली.

"आजी, ह्याच्या आतलं घड्याळ सावकाश चालतं. म्हणून चालू झाल्यावर इंटरनेटला खरी वेळ विचार, असं ह्याला लिहून दिलंय. पण हा विचारतो तेव्हा वायफाय लागलेलंच नसतं. मग हात हलवत परत येतो आणि पुन्हा विचारत नाही."

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," सोजरबाई म्हणाली.

"तसंच. वर बंद होताना तीच चुकीची वेळ आत लिहून ठेवतो."

अंकितानं मशीनला लिहून दिलेल्या त्या सूचनांचा, स्क्रिप्टचा, क्रम बदलला. आधी वायफाय, मग वेळ, मग भोंगा.

"दुरुस्त करायलाच पायजे का गं?" सोजरबाईनं हळूच विचारलं.

"म्हणजे काय आजी? लोकांच्या गाड्या चुकतात."

त्या दुपारी भोंगा अगदी वेळेवर वाजला. सोजरबाईनं अंकिताला जेवायला घरी आणलं होतं. तिनं तवा ठेवला, भाकरी टाकली. भाकरी टम्म फुगली, आणि ती दाराकडे बघत राहिली.

"बरोबर वाजला ना, आजी?"

"व्हय, लई बरोबर वाजला. इतकं दिस उशिरा वाजायचा, दारातल्या उन्हावरनं कळायचं मला. मनाला म्हणायची, पाळी लांबली आसंल, येतीलच मालक. आता काय सांगू मनाला?"

सोजरबाईनं दाराकडची नजर काढली आणि ती जास्तीची भाकरी पोरीच्या ताटात वाढली.

"खा बाई," ती म्हणाली. "गरम हाय तवर खा."