तीन मडकी

पेव उघडलं की आधी कंदील आत सोडायचा. तो विझला तर कुणी उतरायचं नाही. आमच्या कारंज्याच्या पेवात, ज्वारीच्या तळाशी काळपट किडे असत. त्या जमिनीखालच्या अंधारात त्यांच्या किती पिढ्या गेल्या होत्या कोण जाणे. कामरगाव आणि रिसोडच्या नातलगांच्या पेवांतूनही मी ते आणवले. एकेकटा किडा पाहून त्याचं गाव सांगता येत नसे, पण वीस-वीस मोजले की रिसोडवाल्यांच्या मिशा केसभर लांब भरत. कॉलेजातले सर म्हणाले, "गावागणिक बदललेत म्हणतेस? दाखव मला, मग तुझ्या वडिलांशी मी बोलतो." नागपूरला पुढे शिकायला जायचा माझ्यापुढे तेवढाच रस्ता होता.

आम्ही जैन, किडा मारायची सोय नाही. म्हणून ते जिवंतच तीन मडक्यांत, आत्याच्या खोलीत ठेवले. आत्या चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, ती त्याच बिनखिडकीच्या खोलीत राहिली.

पर्युषणात मी परीक्षेसाठी अकोल्याला गेले. परतले तेव्हा दोन मडकी धुऊन पालथी घातलेली आणि सगळे किडे तिसऱ्यात.

"वेगळे वेगळे कोंडले व्हते, मले पाहवे ना," आत्या म्हणाली. "आता एका जागी राह्यतीन बिचारे."

"तुले काय समजते? जलमभर अंधारात बसून राह्यली तू."

माझं वर्ष बुडालं होतं, मला दुसरं काही सुचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती उंबऱ्यात बसलेली दिसली. तिन्ही मडकी समोर, डोळ्यांपाशी किडा धरून एकेक निवडत होती. रिसोडचा कोणता ते तिने मला विचारलं नाही. संध्याकाळी म्हणाली, "घे, केले तुह्ये जसेच्या तसे."

नुसत्या डोळ्यांना ते जमणं शक्यच नव्हतं, मला भिंगाखालीही जमलं नसतं. मी सरांकडे गेले नाही. पेवं पुन्हा उघडायच्या आत, माघात, माझं लग्न झालं.

पुढे माहेरी गेले की आत्या मडक्यावरचं फडकं सोडून दाखवायची. "तुह्ये रिसोडवाले पाह्य, कसे मजेत आहेत."

मी दर वेळी हो म्हणायचे. त्या दिवशीचं बोलणं मात्र ती जाईपर्यंत मी मागे घेतलं नाही.