माझ्या पाच विलायती कोंबड्या

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसाल हे मला माहीत आहे, माझी बायको हौसा अजून हसते. फक्त हातातला चहा तेवढा खाली ठेवा.

लढाई नुकतीच संपली होती. मी पलटणीतून सुटून कोरेगावाजवळच्या आमच्या गावी परत आलो होतो. गावात मला सगळे 'हवालदार' म्हणायचे. आता हवालदार म्हटल्यावर माणसाला सगळ्यातलं सगळं कळायला हवं, असा माझा समज होता. गावाचा नव्हता, माझाच होता.

साताऱ्याच्या कॅम्पात एका साहेबाच्या बंगल्यावर पांढऱ्याशुभ्र विलायती कोंबड्या होत्या. तिथल्या खानसाम्याशी माझी ओळख. त्याच्याकडून डझनभर अंडी मिळवली, डब्यात कोंडा भरून त्यात रचली आणि सर्व्हिस मोटारीतून घरापर्यंत डबा मांडीवर घेऊन आलो. तान्ह्या पोरालाही कुणी इतकं जपत नसेल!

पण अंडी उबवायची कुणी? आमच्या घरी कोंबडी नव्हती. शेजारच्या तानूमावशीची एक कोंबडी खुडुक बसली होती. ही मावशी एकटी बाई, मला लहानपणी कडेवर घेऊन फिरलेली. पण मी पलटणीतून आलो तेव्हापासून तीही मला हवालदार म्हणायची आणि अहोजाहो करायची. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

ठरलं असं, की कोंबडी मावशीची, अंडी माझी, पिल्लं निम्मी निम्मी. एकविसाव्या दिवशी दहा पिल्लं निघाली. पंधरा दिवसांनी वाटणी करायला बसलो.

"घ्या तुमीच निवडून, हवालदार," मावशी म्हणाली.

आता खरी गंमत इथे आहे. नर कुठला, मादी कुठली, हे ओळखायची युक्ती मला त्या खानसाम्यानं सांगितली होती. पिल्लू पाय धरून उलटं करायचं. गप लोंबकळलं तर कोंबडा, धडपडलं तर कोंबडी. की धडपडलं तर कोंबडा? त्या वेळी मला अशी शंका मुळीच आली नाही. पाच पिल्लं धडपडली. ती मी घेतली. गप राहिलेली पाच मावशीला दिली. वर म्हणालो, "मावशी, तुझी चांगली दणकट आहेत बघ." म्हणजे म्हातारीला सगळे कोंबडे देऊन मी अंड्यांचा सगळा वाटा आपल्याकडे ठेवला होता, आणि चेहरा असा, की जणू उपकार करतोय.

पिल्लं आधी आमच्या चुलीपाशी डालग्यात राहिली. कण्या, ताक, चिरलेला कांदा. मोठी झाली तशी घरामागच्या परड्यात जागा पाहिजे. परड्यात हौसाचे मेथी-कोथिंबिरीचे वाफे होते. मी मेथीचा वाफा उपटला आणि तिथे तारेच्या जाळीचं खुराडं उभं केलं.

"आवं, हाताशी आल्याली मेथी व्हती!" हौसा म्हणाली.

"मेथीचं काय घेऊन बसलीस? रोज पाच अंडी खाशील."

तिसऱ्या महिन्यात माझ्या कोंबड्यांना तुरे फुटले. काय तुरे! लाल, जाड, ताठ. मावशीच्या पाचांचे मात्र एवढे एवढेसे. मला वाईट वाटलं. बाईनं कोंबड्यांना उपाशी ठेवलंय, असं मी हौसाला म्हणालो.

एक दिवस मावशी कुंपणापाशी आली. "हवालदार, तुमच्या पाखरांचं जरा निराळंच दिसतंय. मला काय वाटतं..."

"मावशी, विलायती जात आहे. त्यातलं तुला कळायचं नाही."

"बरं," म्हणाली आणि गेली.

मग एका सकाळी माझी एक कोंबडी आरवली.

हौसा भाकरी थापता थापता थांबली. "आवं, ही आरवली की!"

"विलायती कोंबडी अंड्यावर यायच्या आधी गळा साफ करते."

आठवडाभरात पाचही गळा साफ करायला लागल्या. "आनि एकमेकींच्या उरावर बसून टोचे बी मारत्यात," हौसा म्हणाली. मी म्हणालो, अंगात ताकद आहे, त्याचं लक्षण. शिंपल्यांचा चुरा चारला. अंडी घालायला पेंढा घालून पाच टोपल्या ठेवल्या. त्या टोपल्यांकडे कुणी ढुंकून बघेना.

आणि एका दुपारी हौसा धावत आली. "मावशीकडं बुट्टीभर अंडी हायत. लय पांढरीफेक!"

माझं डोकं लगेच चाललं. गावठी अंडं इतकं पांढरं नसतं. म्हणजे अंडी विलायती. मावशीकडे विलायती आहेत ते पाच कोंबडे. कोंबडा अंडं घालत नाही. म्हणजे माझ्या कोंबड्या दिवसा खुराड्यातून सोडल्या, की कुंपणाच्या भोकातून जाऊन तिच्याकडे अंडी घालतात आणि बाई मुकाट्यानं गोळा करते! सांगा, कुठे चुकलं माझं?

भोक बुजवलं. तरी तिकडे अंडी! मग मात्र मी तडक तिच्या दारात गेलो.

"मावशी, ही अंडी कुणाची?"

"तुमी दिल्याल्या पाचांची."

मी हसलो. "मावशी, कोंबडे अंडी घालतात होय?"

"तुमी दिल्यालं घालत्यात."

मला राग आला आणि नको तो शब्द तोंडातून गेला. "ही चोरी आहे," मी म्हणालो.

मावशीचा चेहरा उतरला. डोक्यावरचा पदर सारखा केला, एक पांढरं पाखरू काखेत मारलं आणि म्हणाली, "चला चावडीवर."

चावडीवर पाटील होते, दप्तर घेऊन बसलेले कुलकर्णी होते, दहा-बारा माणसं होती. मीही माझी सगळ्यात देखणी कोंबडी उचलून आणली होती. पाटलांपुढे उभा राहून मी विलायती जातीवर भाषणच दिलं. साताऱ्याचा कॅम्प, साहेब, खानसामा, सगळं सांगितलं. पाटील शांतपणे ऐकत होते.

"म्हंजे तुमच्या हातात हाय ती कोंबडी?"

"होय. अंड्यावर आलेली."

आणि माझ्या काखेतून मान उंच करून, पंख फडफडवून, ती अशी काही आरवली, की चावडीबाहेर बांधलेला बैल दचकून उठला.

पाटलांनी कुलकर्ण्यांकडे बघितलं.

"लिवून घ्या. कोंबडीचा जबाब झाला."

पुढचं काय सांगू! माणसं भिंतीला धरून हसत होती. मावशी तेवढी हसली नाही. मी तिच्यापाशी गेलो आणि खाली बघत विचारलं, "तुला कधी कळलं होतं?"

"दुसऱ्या म्हैन्यातच. सांगाय आले हुते की रं." मग माझ्या काखेतल्या कोंबड्याकडे बघत म्हणाली, "अरं लेका, मावशीला चोर म्हनायच्या आधी त्येचा तुरा तरी बघायचा!"

ती मला पुन्हा 'अरे' म्हणाली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. चावडीतच तिच्या पाया पडलो. माफी मागितली, सगळ्यांच्या देखत. कोंबडे एकेक करून पाहुण्यांच्या ताटात गेले. परड्यात हौसानं परत मेथी लावली. आणि हौसाला दिवस गेलेत हे कळल्यावर मावशी रोज दोन अंडी तिच्यासाठी आणून द्यायला लागली. मी मात्र ती अंडी बघून दुसरीकडे तोंड करायचो.

हौसाचे दिवस भरले. सकाळी सकाळी आतून रडण्याचा आवाज आला. मी ओसरीवर घाबराघुबरा उभा. सुईण हात पुसत दारात आली आणि म्हणाली, "या हवालदार, आत येऊन बघा काय झालंय ते!"

तेवढ्यात आतून हौसाचा आवाज आला, दमलेला, पण अगदी स्पष्ट:

"बाई, पोरगा हाय का पोरगी, ते तुमीच सांगून जावा. ह्यास्नी वळखाय लावू नका!"